दुसऱ्या गाडीतून आलेल्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय आहे टायमिंग बेल्ट बदलणे. हा दातेरी पट्टा क्रँकपासून, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्यापासून, व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतो. त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे: अमेरिकेत १९९१ पर्यंत विकली गेलेली फोक्सवॅगन व्हॅनागन आणि तिच्यात मागाहून बसवलेले सुबारूचे ईजे२२ इंजिन. व्हॅनागनच्या मूळ इंजिनाला सिलिंडर हेडच्या सांध्यातून पाणी गळण्याची खोड होती. सुबारूचे इंजिनही तसेच आडव्या, समोरासमोरच्या चार सिलिंडरांचे, त्यामुळे मध्ये ॲडॉप्टर प्लेट घालून ते मूळ गिअरबॉक्सला जोडता येते.

आता अडचण अशी की मूळ इंजिनाचा कॅमशाफ्ट गिअरने फिरत असे, बेल्ट त्यात नव्हताच. त्यामुळे व्हॅनच्या दुरुस्ती-पुस्तिकेत या कामाबद्दल अवाक्षर सापडत नाही, आणि बेल्ट किती चालला हेही कळत नाही, कारण डॅशबोर्डावरचा आकडा गाडीच्या सांगाड्याने तोडलेले अंतर दाखवतो, इंजिनाने तोडलेले नव्हे. म्हणून पहिले काम पाना उचलण्याचे नसून इंजिनाचे साल ठरवण्याचे आहे. १९९६ पर्यंतच्या ईजे२२ मध्ये बेल्ट तुटला तर गाडी थांबते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. १९९७ पासूनच्या इंजिनात ते आदळतात आणि वाकतात. टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग, हाही बदलला: जुन्या इंजिनात हायड्रॉलिक दट्ट्या आणि पुली वेगवेगळ्या, नंतरच्यात दोन्ही एकाच जोडणीत. विक्रेत्याला व्हॅनचे साल सांगून मागवलेले सामान बसेलच असे नाही.

व्हॅनमध्ये इंजिनाचे तोंड, म्हणजे बेल्टाची बाजू, मागे असते, म्हणून सुबारूच्या पुस्तिकेतली डावी बाजू व्हॅनच्या उजवीकडे येते. व्हॅनच्या मागे बेल्टासमोर उभे राहिलात की चित्र मात्र सुबारूच्या पुढे उभे राहिल्यासारखेच दिसते, आणि मध्ये रेडिएटर नसल्याने हे काम इथे खरे तर अधिक सोपे आहे.

चुका होतात त्या खुणांपाशी. क्रँकच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे बेल्ट ज्यावर चढतो त्या दातेरी चाकावर, ठळक बाण असतो आणि हात आपसूक तो वर आणतो. बाण वर आला की पहिला पिस्टन टोकाला पोहोचतो, आणि इतर अनेक इंजिनांवर काम केलेल्या माणसाला तेच बरोबर वाटते. इथे ते चूक आहे. जुळवायची खूण म्हणजे स्प्रॉकेटच्या मागच्या कडेवरची बारीक रेघ. ती वरच्या खाचेसमोर आली की चारही पिस्टन मधोमध उभे राहतात, त्यामुळे बेल्ट उतरवलेला असताना कॅम निसटून फिरला तरी व्हॉल्व्हला धोका नसतो. बाणाच्या भरवशावर बेल्ट चढवला तर क्रँक ९० अंशांनी चुकतो. असे इंजिन नीट चालू होत नाही, आणि नंतरच्या सालाचे असेल तर स्टार्टर मारताच नुकसान होते.

नव्या बेल्टावरच्या रेघा फक्त चढवण्यापुरत्या आहेत. बेल्ट बसवून, टेन्शनरचा दट्ट्या दाबून धरणारी पिन काढून, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला की त्या रेघा स्प्रॉकेटच्या खुणांशी जुळत नाहीत, आणि नवखा माणूस घाबरून सगळे पुन्हा खोलतो. त्या वेळी केवळ क्रँकची आणि दोन्ही कॅमची खूण पाहावी.

टेन्शनर जुनाच ठेवायचा असेल तर दट्ट्या उभा धरून प्रेसखाली दाबावा आणि भोकात पिन घालावी. सुबारूच्या पुस्तिकेने या दाबण्याला तीन मिनिटांहून अधिक वेळ द्यायला सांगितले आहे, कारण आतल्या तेलाला सरकायला अवधी लागतो. घाईने पिळला तर आतले सील जाते. दट्ट्या नुसत्या हाताने आत जात असेल किंवा त्याभोवती तेल ओलावलेले दिसत असेल तर तो बाद समजावा. माझे मत विचाराल तर, ज्याच्या वयाचा पुरावा नाही तो टेन्शनर ठेवण्यात काटकसर नाही. आयडलर (बेल्टाला दिशा देणाऱ्या मोकळ्या पुली) आणि बेल्टावरच फिरणारा वॉटर पंपही त्याच वेळी बदलावा.

क्रँकचे स्प्रॉकेट निघालेच आहे तर त्यामागचा ऑइल पंपही उतरवून पाहावा. त्याच्या मागच्या झाकणाचे स्क्रू या इंजिनात ढिले होतात. ते साफ करून, लॉकिंग द्रव लावून पुन्हा आवळावेत आणि क्रँकचे सील नवे घालावे. वॉटर पंप बदलल्यावर व्हॅनमध्ये एक काम वाढते: रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने लांब नळ्यांमध्ये हवा अडकते, म्हणून गाडीचे नाक उचलून, रेडिएटरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून, तिथून अखंड पाणी येईपर्यंत इंजिन चालू ठेवावे लागते.