इल्यास की जेमशित?

नमस्कार मंडळी! आज मी तुर्की सिनेमावर बोलणारे, आणि इथे जर्मनीत आपल्यापैकी कितीतरी जणांचे शेजारी तुर्की आहेत, त्यामुळे विषय तसा घरचाच आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, सगळे त्यांना तेयझे म्हणतात, म्हणजे आपली मावशी, आईची बहीण. ऐंशीच्या दशकात इथल्या तुर्की घरांमध्ये व्हिडिओ कॅसेटवर गावाकडचे पिक्चर बघायचे, तेयझेंचं ते वेड अजून आहे. एकदा चहाला गेले तर टीव्हीवर १९७७ चा 'सेल्वी बोयलुम आल याझमालिम' लागलेला, दिग्दर्शक आतिफ यिलमाझचा. मला तुर्की ओ की ठो कळत नाही, तरी शेवटी दोघी डोळे पुसत होतो.

गोष्ट साधी आहे. ट्रकवाला इल्यास आणि लाल रुमाल बांधणारी आस्या पळून जाऊन लग्न करतात, मुलगा होतो, मग इल्यास दुसरीच्या नादाला लागतो आणि आस्या पोराला घेऊन निघते. तिला आसरा देतो जेमशित, शांत माणूस, पोराला पोटच्या पोरासारखं वाढवतो. वर्षांनी इल्यास परत येतो आणि आस्याचं त्याच्यावर प्रेम अजून तसंच आहे हो, हेच तर जीवघेणं आहे! पोरगा 'बाबा' म्हणत जेमशितकडे धावतो, आणि ती मनात विचारते प्रेम म्हणजे काय होतं, उत्तर येतं 'एमेक', म्हणजे कष्ट, एखाद्यासाठी झिजणं. ती जेमशितकडे जाते. आस्या झालेल्या तुर्कान शोरायचा चेहरा बघा तिथे, नजर एकाकडे आणि पाय दुसऱ्याकडे.

इस्तंबूलच्या बेयोलूमधल्या येशिलचाम नावाच्या गल्लीवरून त्या काळच्या या सगळ्या तुर्की सिनेमाला येशिलचाम म्हणतात. १९७२ च्या सुमारास वर्षाला जवळपास ३०० पिक्चर निघायचे, बहुतेक आवाजाशिवाय शूट करून नंतर डब केलेले, म्हणून मला वाटतं डोळ्यांवर एवढा भर. आणि रडायला लावण्यात आपलाही हात आहे बरं का, पन्नासच्या दशकात राज कपूरचा 'आवारा' तिथे तुफान चालला, तेयझेंना त्याचं गाणं 'आवारामू' म्हणून पाठ आहे.

तेयझे आज आल्यात, मागच्या रांगेत बसल्यात. चहाच्या वेळी त्यांना जरूर विचारा, इल्यास की जेमशित. मी जेमशितच म्हणते, त्या मात्र एवढ्या वर्षांनीही मान हलवून म्हणतात, इल्यास.