मागच्या गाड्यांसाठी रस्ता

मंडळी, आज 26 जून. 1918 साली याच तारखेला कारवारजवळच्या चेंडिया गावात रामा राघोबा राणे यांचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई. 1940 साली राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि डिसेंबर 1947मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे काढून फौजेला वाट करून देण्याचं जे काम त्यांनी केलं, त्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालं. पाकिस्तानशी झालेल्या 1947-48च्या त्या युद्धात पाच जणांना हे पदक दिलं गेलं, त्यांपैकी तिघांना मरणोत्तर. राणे परत आले. संसार केला, मुलाबाळांत राहिले.

मला बोलायला बोलावलं ते मी इतिहासाची अभ्यासक आहे म्हणून नव्हे. माझे वडील खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे राणेसाहेबांच्याच बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, नाईक होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. राणेसाहेबांचं नाव मी पहिल्यांदा घरातच ऐकलं, आणि सॅपर म्हणजे सुरुंग काढणारा, रस्ते करणारा सैनिक, हेही घरातच कळलं.

आठ-नऊ वर्षांची असेन. मी विचारलं, “अप्पा, जमिनीतला सुरुंग सापडतो कसा?” आई जोंधळे निवडत बसली होती. अप्पांनी परात ओढून घेतली, जोंधळ्यात एक रुपया पुरला, वरून हात फिरवून सपाट केलं आणि आईची लोकर विणायची सुई माझ्या हातात दिली. म्हणाले, “शोध.” मी सुई सरळ खाली खुपसली. त्यांनी माझं मनगट धरलं. “उभी नाही, तिरपी धर. सुरुंगाची कळ डोक्यावर असते, बाळ. तिरपी घातलीस तर सुई कुशीला लागेल.” मग त्यांनी माझा हात हातात घेऊन दाखवलं. बोटभर जागा, मग त्याच्या शेजारची बोटभर जागा. मध्ये काहीही सोडायचं नाही. रुपया सापडेपर्यंत आईचा स्वयंपाक खोळंबला, पण ती काही बोलली नाही.

ही परात डोळ्यासमोर ठेवून राणेसाहेबांचं परमवीर चक्राचं मानपत्र वाचा. त्याचा कणा म्हणजे घड्याळ आहे. 8 एप्रिल 1948, सकाळी अकरा. नाडपूरजवळ रणगाड्यांच्या शेजारी तुकडी कामाची वाट बघत उभी असताना उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि काम सुरू केलं. संध्याकाळी बरवाली टेकडी आपल्या हाती आली, पण आसपास शत्रू होताच. त्याच्या डोळ्यांदेखत राणे रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता करत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरू. चीडाची झाडं आडवी पाडून रस्ता बंद केलेला, ती स्फोटकं लावून उडवली. तीनशे यार्डांवर परत तेच. पुढे रस्त्याखालची मोरी उडवलेली, तिला वळसा काढला. अंधार पडता पडता पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग, वर मशीनगन. ते सुरुंग काढायला बसलेच होते, शेवटी वरिष्ठांनी ताफा थांबवला. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच झाडांपाशी. साडेसहाला वाट मोकळी.

माणूस जखमी आहे, हे विसरू नका. आणि मागे बारा तासांचे नव्हे, दिवसांचे श्रम आहेत. अशा वेळी हाताची बोटं तितकीच हळू चालायला हवीत. आवेशात एखादा माणूस खंदकावर धावून जाईलही, पण आवेशात सुरुंग निघत नाही. म्हणून मला या शौर्याचं मोल फार वाटतं.

आणि यापुढे मानपत्रात एक ओळ येते, तिथे मी दर वेळी थांबते. रणगाडे मुख्य रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि पात्रातून पुढे निघाले. म्हणजे त्यांना आता रस्त्याची गरज उरली नव्हती. दुपारी दोनला ते राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचलेसुद्धा. राणे मात्र रस्त्यावरच राहिले. कारण मागे रसदीच्या गाड्या होत्या, आणि त्या नदीपात्रातून जाणाऱ्या नव्हेत. पोटात अन्न नाही, विश्रांती नाही, आणि ते रात्री नऊपर्यंत मागच्यांसाठी वाट साफ करत राहिले. 11 तारखेला सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्री दहापर्यंत ते पुढचा रस्ता साफ करत होते. 12 तारखेला फौज राजौरीत शिरली.

राणेसाहेब 1968 साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 साली पुण्यात गेले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव आहे. व्हायलाच हवं होतं. पण एप्रिलमधल्या त्या चार दिवसांनंतर हा माणूस शेहेचाळीस वर्षं जगला, आणि आपण त्याची आठवण काढतो ती त्या चार दिवसांपुरतीच. याचं मला वाईट वाटतं. सैनिकाच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. तो माणूस पेन्शनीत येतो तेव्हा गणवेश ट्रंकेत जातो, हातांची सवय जात नाही.

आमच्या शेताच्या वाटेवर एक ओढा होता. पावसाळ्यात अप्पा सगळ्यांत पुढे जायचे, काठीनं तळ चाचपत. पलीकडे पोचले की आम्हा पोरांना वाटायचं, झालं, चला घरी. ते परत पाण्यात उतरायचे. डळमळणारे दगड काढून दुसरे बसवायचे, पायानं दाबून बघायचे. आई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन मागून यायची. आईच्या मागून शेजारच्या वाड्यातली म्हातारी यायची, तिला यायला फार वेळ लागायचा. ती पलीकडे चढेपर्यंत अप्पा गुडघाभर पाण्यात उभे असायचे.