बाँडचा साहेब मुंबईत होता

(काळा पडदा. जुन्या रेडिओची खरखर.)

२१ फेब्रुवारी १९४६. ऑल इंडिया रेडिओवर हिंदुस्थानच्या नौदलाच्या इंग्रज सेनापतीचा आवाज. तीन दिवसांपूर्वी कुलाब्याच्या ‘तलवार’ तळावर नाविकांनी संप पुकारलाय. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या त्यांना असह्य झाल्यात. बंदरातल्या जहाजांवर काँग्रेसचा, मुस्लीम लीगचा आणि लाल असे तिन्ही झेंडे एकत्र चढलेत. सेनापती बजावतो, सरकारच्या हाती असेल नसेल ते सगळं बळ वापरू, मग त्यात हे नौदल नष्ट झालं तरी बेहत्तर.

आवाज व्हाइस ऍडमिरल जॉन गॉडफ्री यांचा. जगभरच्या वाचकांना हे गृहस्थ वेगळ्याच नावानं ठाऊक आहेत. नाव कसलं, नुसतं एक अक्षर: एम. जेम्स बाँडचा साहेब.

(लंडन, १९३९.)

गॉडफ्री तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्याचे प्रमुख होते. त्यांना एक चलाख मदतनीस हवा होता. मिळाला इयन फ्लेमिंग, पुढे बाँडच्या कादंबऱ्या लिहिणारा. वय ३१, शेअर दलालीत रमत नसलेला. वडील पहिल्या महायुद्धात पडले, तेव्हा हा नऊ वर्षांचाही नव्हता. रॉयटर्ससाठी त्यानं मॉस्कोतल्या एका गाजलेल्या खटल्याच्या बातम्या दिल्या होत्या.

नौदलाच्या कचेरीतली ३९ नंबरची खोली हे त्याचं रणांगण. टेबल, फायली, सिगारेटचा धूर. फ्लेमिंग शत्रूच्या मुलखात उतरून लढणारा हेर कधीच नव्हता. त्याचं काम होतं डोकं लढवायचं. १९४० मध्ये त्यानं सुचवलं, पकडलेलं जर्मन विमान इंग्लिश खाडीत मुद्दाम पाडायचं. वाचवायला जर्मन बोट आली की तिच्यावरचं सांकेतिक साहित्य पळवायचं. बेत बारगळला. गॉडफ्रींच्या सहीनं निघालेल्या एका टिपणात मृतदेहाच्या खिशात खोटी कागदपत्रं ठेवण्याची युक्ती होती. ते टिपणही बहुधा फ्लेमिंगचंच. १९४३ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर ती युक्ती खरोखर वापरली गेली.

(पोर्तुगाल. एश्तोरिलचा कॅसिनो.)

१९४१. साहेब आणि मदतनीस अमेरिकेला जाताना इथं थांबले. समोर पत्ते खेळणारे जर्मन हेर आहेत, यांचे खिसे रिकामे केले तर, असं फ्लेमिंगच्या मनानं घेतलं. प्रत्यक्षात ते पोर्तुगीज व्यापारी होते. आणि हरला फ्लेमिंगच!

बाँडचा अस्सल नमुना कोण, यावर आजवर बरीच नावं पुढे आली. फ्लेमिंग म्हणायचा, युद्धात भेटलेल्या हेरांचं आणि कमांडोंचं ते मिश्रण आहे. आम्हाला मात्र वाटतं, बाँडचं बीज त्या हरलेल्या डावात आहे. कारण पहिल्याच कादंबरीत, ‘कॅसिनो रॉयाल’मध्ये, पत्त्यांचं टेबल परत येतं. या वेळी समोर खरा शत्रू असतो, आणि तो हरतो.

(जमैका. समुद्र, खिडकी, टंकलेखन यंत्र.)

१९४६ मध्येच, इकडे मुंबई धुमसत असलेल्या त्याच वर्षी, फ्लेमिंगनं जमैकात ओराकाबेसाला घर बांधायला घेतलं. नाव ठेवलं गोल्डनआय. १९५२ च्या आरंभी तो तिथं लिहायला बसला. वय ४३, लग्न तोंडावर आलेलं. त्या धास्तीतून मन काढायला लिहिलं, असं तो सांगायचा. नायकाचं नाव त्याला अगदी साधं हवं होतं. कपाटात वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरचं पुस्तक होतं. लेखक: पक्षितज्ज्ञ जेम्स बाँड. बस्स!

सोन्याच्या तीन वळ्यांची सिगारेट फ्लेमिंगनं नायकाला स्वतःचीच दिली. साहेब मात्र गॉडफ्रींकडून घेतला: करडा, चिडका, तरीही हाताखालच्यांना प्रिय.

(मुंबई. नाविकांच्या कॅसल बॅरॅक्सची जुनी भिंत.)

खऱ्या साहेबाच्या धमकीनंतर लालबाग-परळचे गिरणी कामगार नाविकांसाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं गेली. २३ तारखेला, सरदार पटेलांच्या सांगण्यावरून, नाविक शरण आले. बाँडच्या कुठल्याच कादंबरीत हा फेब्रुवारी नाही.

पक्षितज्ज्ञ बाँड १९६४ मध्ये गोल्डनआयला गेले, तेव्हा फ्लेमिंगनं त्यांना आपली नवी कादंबरी भेट दिली. आत लिहिलं: खऱ्या जेम्स बाँडला, त्याची ओळख चोरणाऱ्याकडून. गॉडफ्री मात्र फ्लेमिंगच्या मृत्यूनंतर कुरकुरले, यानं मला त्या ओंगळ एमच्या रूपात नेऊन बसवलं. राजदरबारी त्यांना ‘सर’ ही पदवी कधीच मिळाली नाही. कादंबरीतल्या एमला ती मिळाली आहे: ऍडमिरल सर माइल्स मेसर्व्ही.