बेटाचा सातबारा

मंडळी, कोकण किनाऱ्यावर ज्यांचं लहानपण गेलं त्यांना पडाव आठवत असेल. आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या पडावातून किनाऱ्याला यायच्या. नॉर्फोक बेटावर जहाजाचा माल अजूनही असाच उतरतो, कारण बेटाला बंदर नाही. सिडनीपासून सुमारे १,६०० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरातलं हे ३५ चौरस किलोमीटरचं बेट. उंच सरळसोट पाइनची झाडं, केळी, मऊ हवा. लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास.

याच किनाऱ्यावर ८ जून १८५६ रोजी 'मोरेशायर' जहाजातून १९४ माणसं उतरली. पॅसिफिकमधल्याच दूरच्या, चिमुकल्या पिटकेर्न बेटावरून निघताना ती १९३ होती. एक मूल वाटेत जन्मलं. १७८९ मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावर बंड करणारे खलाशी आणि त्यांच्याबरोबर पिटकेर्नला आलेल्या ताहितीकडच्या स्त्रिया, यांची ही नातवंडं-पतवंडं. खलाशांची नावं जगाला पाठ आहेत. त्या स्त्रियांची नावं फारशी कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वस्ती टिकली ती त्यांच्यामुळे. पुरुषांनी आपसात मारामाऱ्या केल्या. १८०८ मध्ये एक अमेरिकन जहाज तिथं पोचलं, तेव्हा बंडखोरांपैकी एकटा जॉन अ‍ॅडम्स जिवंत होता. बाकी होत्या बायका आणि मुलं. आणि याच पिटकेर्नवर १८३८ मध्ये स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला, इंग्लंडच्या कितीतरी आधी.

पिटकेर्न अपुरं पडू लागलं म्हणून ब्रिटिश सरकारनं त्यांना नॉर्फोक देऊ केलं. तिथली कैद्यांची वसाहत नुकतीच, १८५५ मध्ये मोडली होती. फटक्यांच्या शिक्षेसाठी आणि फाशीसाठी ती कुप्रसिद्ध होती. कैद्यांनी बांधलेली दगडी घरं, रस्ते, गुरं, सगळं तयार. ज्यांनी आयुष्यात पानांची छपरं पाहिली, त्यांना अधिकाऱ्यांच्या दगडी घरांत राहायला मिळालं.

पण सातबारा कुणाच्या नावावर? सगळी गोष्ट इथं येऊन अडते. राणी व्हिक्टोरियानं सबंध बेट आपल्याला दिलं, अशी आलेल्या माणसांची पक्की समजूत होती. सरकारचं म्हणणं वेगळं: कुटुंबाला ५० एकर, बाकी जमीन सरकारची. काहीजण तर घरच्या ओढीनं काही वर्षांतच पिटकेर्नला परतले. आज तिथं असलेली वस्ती त्यांचीच. राहिलेल्यांपैकी किंग्स्टन या किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीतल्या दगडी घरांतल्या कुटुंबांना १९०८ मध्ये बाहेर काढण्यात आलं. दोन पिढ्या ज्या घरात नांदल्या, ते घर आपलं नव्हतं हे ऐकून घेणं काय असतं, ते धरणात गाव गेलेल्या माणसाला मी समजावून सांगायला नको.

१ जुलै १९१४ पासून बेट ऑस्ट्रेलियाकडे गेलं. १९७९ मध्ये बेटाला स्वतःची विधानसभा मिळाली आणि २०१५ मध्ये ती रद्दही झाली. पैशाची तंगी होती, हे खरंच. पण बेटावरच्या लोकांना विचारून हे झालं नाही, आणि ते मला अन्याय्य वाटतं. आपलं राजकीय भवितव्य आपल्याला ठरवू द्या, असा कौल त्याच वर्षी बहुसंख्यांनी दिला होता.

भाषेबद्दल मात्र सांगायलाच हवं. 'नॉर्फक' म्हणतात तिला. अठराव्या शतकातली खलाशांची इंग्रजी आणि ताहितीयन यांच्या मिश्रणातून ती झाली. स्वयंपाकघरातले शब्द पाहा. केळं किंवा रताळं किसून भाजतात त्या पदार्थाला 'पिल्ही' म्हणतात. चुलीपाशी ताहितीच्या आजीची भाषा टिकली. शाळेत ती बोलली की मुलांना शिक्षा होई. २००४ च्या कायद्यानं तिला इंग्रजीबरोबर राजभाषेचा मान मिळाला. आणि बेटाची टेलिफोन डिरेक्टरी! ख्रिश्चन, क्विंटल, अ‍ॅडम्स, बफेट ही आडनावं इतक्यांची की माणूस सापडायचा कसा? म्हणून तिथं लोकांची टोपणनावं छापतात.

दर वर्षी ८ जूनला बेटावरची माणसं जुन्या पद्धतीचे पांढरे कपडे घालून किंग्स्टनच्या धक्क्यावर जमतात. उतरण्याचा प्रसंग पुन्हा साकारतात, मग चालत दफनभूमीत जातात आणि पूर्वजांच्या कबरींपाशी जुनी भजनं म्हणतात. त्यानंतर कैद्यांच्या काळातल्या दगडी भिंतींच्या आवारात पंगत बसते. प्रत्येक घराचं टेबल वेगळं, आणि त्यावर पिल्ही असतेच.