बांध बुटका ठेवा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

बंधुभगिनींनो, आणि विशेषतः यंदा पहिल्यांदाच मंडळात आलेल्या कुटुंबांनो,

सिंगापुरात राहणाऱ्या मराठी माणसाला ताओ ही चीनची प्राचीन धर्म-विचारपरंपरा पाहण्यासाठी चीनला जावे लागत नाही. चिनी पंचांगातला सातवा महिना लागला की आपल्याच इमारतींच्या आवारात, पदपथाच्या कडेला, हिरवळीवर उदबत्त्या, फळे, भात आणि चहाचे छोटे पेले मांडलेले दिसतात. त्यात घरच्या पूर्वजांचा वाटा असतोच. पण ज्यांच्या मागे कोणी उरले नाही, ज्यांचे नावही आता कोणाला ठाऊक नाही, अशा निराधार आत्म्यांसाठीही पाने वाढलेली असतात. या आचारात बौद्ध आणि ताओ अशा दोन्ही धारा मिसळल्या आहेत. अनोळखी मृताशीही आपले काही नाते आहे आणि त्याच्यापुढे वाकण्यात कमीपणा नाही, ही त्यामागची भावना मला फार मोलाची वाटते, आणि तिचे मूळ ज्या विचारात आहे त्याविषयी आज मी बोलणार आहे.

‘ताओ ते चिंग’ हा ताओ परंपरेचा मूळ ग्रंथ लाओ त्झू या प्राचीन चिनी विचारवंतांच्या नावावर आहे. लाओ त्झू ही ऐतिहासिक व्यक्ती होती की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र 1993 मध्ये चीनच्या हूबेई प्रांतात क्वोत्येन येथे एका प्राचीन थडग्यात या ग्रंथातील मजकूर असलेल्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या आणि ते थडगे साधारणपणे इसवी सनपूर्व 300 च्या सुमाराचे मानले जाते. सुमारे पाच हजार चिनी अक्षरांचा, 81 छोट्या प्रकरणांचा हा ग्रंथ एका बैठकीत वाचून होतो. त्याच्या आठव्या प्रकरणात पाण्याची थोरवी सांगितली आहे: पाणी सर्वांचे भले करते, कोणाशी झगडत नाही आणि लोकांना नकोशा वाटणाऱ्या सखल जागी जाऊन राहते. सहासष्टाव्या प्रकरणात हाच विचार पुढे नेऊन म्हटले आहे, की शेकडो ओढे आणि दऱ्यांचे पाणी नदीकडे व समुद्राकडे येते, कारण ते त्यांच्याहून खाली असतात.

या दोन प्रकरणांनी मला नम्रतेविषयी नव्याने विचार करायला लावले. आपण नम्रतेला बहुधा मनाची अवस्था समजतो, स्वतःला कमी लेखण्याशी तिची गाठ घालतो, आणि मग ती खरी की दाखवण्यापुरती, या चर्चेत अडकतो. लाओ त्झू यांच्या लेखी तो प्रश्न जागेचा आहे. तुम्ही कुठे उभे आहात, तुमच्याकडे यायला दुसऱ्याला चढावे लागते की सहज उतरता येते, एवढेच ते पाहतात. सखल जागा घेतलेल्या माणसाकडे इतरांचे बोलणे, दुःख, शंका आणि सूचना आपोआप येऊ लागतात, आणि जिव्हाळा म्हणतात तो तिथूनच सुरू होतो.

याचे प्रत्यक्ष रूप पाहायचे असेल, तर सिचुआन प्रांतातील तूच्यांगयेन येथील पाटबंधाऱ्यांकडे पाहावे. इसवी सनपूर्व 256 च्या सुमारास तिथला प्रांताधिकारी ली बिंग याच्या देखरेखीखाली मिन नदीवर ही व्यवस्था उभी राहिली, आणि चंग्तू शहराच्या परिसरातील शेतीला ती आजही पाणी पुरवते. या रचनेत नदीला आडवी भिंत घातलेली नव्हती. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घालून प्रवाह दोन भागांत विभागला, आतला प्रवाह खोल आणि अरुंद, तर बाहेरचा रुंद आणि उथळ ठेवला. त्यामुळे पाणी कमी असते तेव्हा त्याचा मोठा वाटा खोल भागातून शेतीकडे वळतो आणि पुराच्या वेळी बराचसा लोंढा रुंद भागातून निघून जातो. आतल्या प्रवाहाच्या कडेला एक बुटका बांध आहे. जास्तीचे पाणी आणि त्याबरोबरचा गाळ त्याच्यावरून बाहेर पडतो. त्या काळी हे बांध बांबूच्या लांबट टोपल्यांत दगडगोटे भरून रचत असत.

या व्यवस्थेची जपणूक करणाऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या एक सूत्र सांभाळले आणि ते तिथल्या दगडावरही कोरलेले आहे: पात्र खोल उपसा, बांध बुटका ठेवा. बांध उंच केला तर कोरड्या दिवसांत थोडे जास्त पाणी हाती लागेल, हे तिथल्या माणसांना कळत नव्हते असे नाही. पण उंच बांधामुळे पुरात पाणी तुंबते आणि गाळ आतच बसतो, हेही त्यांना अनुभवाने कळले होते. म्हणून पाणी हवे असेल, तर दरवर्षी पात्रात उतरून गाळ काढण्याचे कष्ट करायचे आणि बांधाची उंची वाढवण्याचा मोह टाळायचा, असा नियम ठरला. ली बिंगने हे ताओ विचार वाचून केले, असे माझे म्हणणे नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु शेजारचा छिंगच्यंग पर्वत हे ताओ धर्माचे एक आद्य पीठ आहे, ली बिंगचे मंदिर ताओ परंपरेत पूजले जाते, आणि 2000 मध्ये युनेस्कोने पर्वत व पाटबंधारे या दोहोंना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

हे उदाहरण इतक्या विस्ताराने सांगण्याला कारण आहे. ताओ विचार म्हणजे काही न करता स्वस्थ बसणे, असा समज आपल्याकडे बराच पसरला आहे, आणि तो मला पटत नाही. गाळ उपसणे हे कंबर मोडणारे काम आहे. जोर लावायचा तो स्वतःच्या बाजूची खोली वाढवण्यासाठी, दुसऱ्याला अडवण्यासाठी नव्हे, एवढाच त्यातला भेद आहे. घरातल्या वादात, कार्यालयातल्या बैठकीत, मुलांशी बोलताना आपला आवाज चढतो, तेव्हा आपण बांध उंच करत असतो. त्याच क्षणी समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे, हे उपसण्याचे काम आहे, आणि ते रोज करावे लागते.

आपल्या महाराष्ट्राचा या ग्रंथाशी एक दूरचा संबंध आहे, तो येथे सांगितला पाहिजे. सातव्या शतकात चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांग (ह्युएन त्संग) चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्यात आला होता. इथले लोक साधे, प्रामाणिक आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, आणि कोणी संकटात साहाय्य मागितले तर स्वतःचा विचार न करता धावून जातात, अशा आशयाचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. तो 645 मध्ये मायदेशी परतला. पुढे 647 च्या सुमारास कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसाम भागातील, राजासाठी लाओ त्झू यांच्या ग्रंथाचे संस्कृत भाषांतर करण्याचे काम चीनच्या तांग घराण्यातील सम्राटाने त्याच्याकडेच सोपवले. ते भाषांतर आज उपलब्ध नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. ज्याने आपला मानी स्वभाव जवळून पाहिला, त्याच माणसाच्या हातून हा ग्रंथ आपल्या भूमीच्या भाषेत येऊ घातला होता.

त्या मानी स्वभावाविषयी थोडे बोलतो. परका विचार ऐकला की ‘हे तर आपल्या संतांनी आधीच सांगितले आहे’ असे आपण लगेच म्हणतो. साम्य असते, आणि ते शोधण्यात आनंदही असतो; पण समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकण्याआधी ते आपल्या खात्यात जमा करणे, हाही बांध उंच करण्याचाच प्रकार आहे. ज्या चिनी शेजाऱ्यांसोबत आपण वर्षानुवर्षे एकाच लिफ्टने ये-जा करतो, त्यांच्या घरातल्या देव्हाऱ्यात कोण आहे, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे?

मंडळाच्या कामाकडे पाहू. सतराव्या प्रकरणात उत्तम शासकाविषयी म्हटले आहे, की त्याचे असणे लोकांना जेमतेम जाणवते, आणि काम पार पडले की लोक म्हणतात, हे आम्हीच केले. सदुसष्टाव्या प्रकरणात करुणा आणि काटकसर यांच्यासोबत सर्वांच्या पुढे जाण्याचा हव्यास न धरणे, ही तिसरी संपत्ती सांगितली आहे. गणेशोत्सवाच्या पत्रिकेतील नावांचा क्रम, व्यासपीठावरील खुर्च्या, आभारप्रदर्शनात कोणाचा उल्लेख राहिला, यांवरून मने दुखावतात आणि चांगली माणसे मंडळापासून दूर जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांच्या जागी नवी माणसे येतात, पण ती दाराशीच घुटमळतात, कारण आत सगळ्या जागा आधीच ठरलेल्या असतात.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना मांडतो आणि त्यांवर याच वर्षी निर्णय व्हावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिली, उत्सवाच्या नियोजनाच्या बैठकीत नव्या कुटुंबांनी आधी बोलावे आणि माजी पदाधिकाऱ्यांनी, म्हणजे आम्ही, शेवटी. दुसरी, महाप्रसादानंतरची भांडी, सतरंज्या आणि सभागृहाची झाडलोट यांची जबाबदारी ज्येष्ठ सभासदांनी घ्यावी. या कामासाठी पहिले नाव माझे लिहून घ्यावे.