31 जुलै, दुपारी चारच्या आत

(पडद्यावर : मिनियापोलिसचं मेट्रोडोम स्टेडियम बाहेरून. 2004 सालचं चित्रण.)

31 जुलै 2004, शनिवार. बोस्टन रेड सॉक्सचा संघ मिनेसोटा ट्विन्सशी खेळायला मिनियापोलिसमध्ये आला होता. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ही तारीख म्हणजे खेळाडूंच्या पोटात गोळा आणणारी. पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात दुपारचे चार वाजले, की चालू मोसमातली खेळाडूंची अदलाबदल जवळपास बंद व्हायची. चारच्या आत मात्र कुणाचाही बिस्तरा गुंडाळला जाऊ शकत होता.

त्या दिवशी गुंडाळला गेला रेड सॉक्सच्या लाडक्या नोमर गार्सियापाराचा.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला यातला धक्का पटकन कळत नाही. हार्दिक पंड्याचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये तो गुजरातहून मुंबईकडे आला, रोहितच्या जागी कर्णधार झाला आणि वानखेडेवर मुंबईच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. पण तो व्यवहार निदान दोन मोसमांच्या मधे झाला होता, लोकांना राग काढायला आणि गिळायला चार महिने मिळाले. इथे काल रात्री ज्याच्या नावाने ओरडलो, तो आज दुसऱ्या गावच्या विमानात. खेळाडूला विचारायचीही गरज नसते. करारात तसं कलम असेल, किंवा लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच क्लबात काढली असतील, तरच त्याला नकाराचा हक्क मिळतो. नोमरची तेवढी वर्षं भरली नव्हती.

(पडद्यावर : रेड सॉक्सचं घरचं मैदान, फेनवे पार्क. डावीकडची उंच हिरवी भिंत. पाच नंबरचा शर्ट घातलेली लहान मुलं.)

नोमर होता शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. (बेस म्हणजे धाव पूर्ण करायला ओळीने गाठायचे टप्पे.) उजव्या हाताच्या फलंदाजाने ओढून मारलेला जमिनीवरचा चेंडू बरेचदा इथेच येतो, त्यामुळे संघातला सगळ्यात चपळ माणूस इथे उभा करतात. या जागेवरच्या माणसाकडून पूर्वी फलंदाजीची फारशी अपेक्षा नसायची. नव्वदच्या दशकात तिघांनी ते पार बदलून टाकलं : सिअ‍ॅटलचा अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, न्यूयॉर्क यँकीजचा डेरेक जीटर आणि आमचा नोमर. 1997 मध्ये पहिल्याच पूर्ण मोसमात 30 होम रन (आपल्या षटकारासारखे), 209 हिट (चेंडू मारून बेस गाठणं) आणि एकमताने वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. 1999 मध्ये अमेरिकन लीगमधली, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी आमच्या भागातली, सर्वाधिक सरासरी, 357. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि या वेळी 372. म्हणजे दर हजार प्रयत्नांत 372 हिट. बेसबॉलमध्ये तीनशे ओलांडणारा भारी समजला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर उजव्या हाताने खेळणाऱ्या दुसऱ्या कुणालाही मोसमभरात तेवढी सरासरी जमलेली नव्हती.

पण आकड्यांपेक्षा लोकांच्या डोळ्यांत बसली ती त्याची लकब. प्रत्येक चेंडूआधी तो दोन्ही हातमोज्यांचे पट्टे ओढायचा. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. हातमोजे सैल झालेले असोत किंवा नसोत. मग फलंदाजाच्या बॉक्समध्ये उभं राहून बुटांची टोकं जमिनीवर टप टप आपटायची, डावा, उजवा, डावा, उजवा. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, कंटाळून बघत राहायचा. बोस्टनमधली शाळकरी पोरं बॅट हातात आली की आधी हेच करायची, चेंडू लागो न लागो. 1999 चा ऑल-स्टार सामना, म्हणजे निवडक ताऱ्यांचा सामना, फेनवेवर झाला, तेव्हा नोमरच्या जागी आलेल्या जीटरने फलंदाजीला उभं राहताना त्याची ही सगळी नक्कल करून दाखवली. हाडवैरी यँकीजच्या माणसाने, तेही आमच्या घरात!

आणि बोस्टनची बोली अशी, की शेवटचा र गिळून टाकायचा. अख्खं स्टेडियम ओरडायचं, ‘नोमाऽऽऽ!’

असा माणूस मोसमाच्या मधे द्यायचा? त्या आठवड्यात शहरात दुसरा विषय नव्हता.

(पडद्यावर : वर्तमानपत्रांचे मथळे. मग यँकी स्टेडियम, रात्र.)

खरं तर दूध आधीच नासलं होतं. 2001 मध्ये नोमरच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली आणि तो मोसम जवळजवळ वाया गेला. 2003 मध्ये क्लबने त्याला चार वर्षांसाठी सुमारे सहा कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या होत्या. त्याने ते घेतले नाहीत. त्याच हिवाळ्यात क्लबने टेक्सासकडून रॉड्रिगेझला आणायचा घाट घातला. तो आला असता, तर नोमरची रवानगी शिकागो व्हाइट सॉक्सकडे होणार होती. नोमरचं तेव्हा फुटबॉलपटू मिया हॅमशी नुकतंच लग्न झालेलं. आपल्याला बाजारात उभं केलंय, हे त्याला बातम्यांतून कळत होतं. रॉड्रिगेझ पगार कमी करून घ्यायला तयार होता, पण खेळाडूंच्या संघटनेने त्याला आडकाठी केली आणि व्यवहार मोडला. पुढे रॉड्रिगेझ गेला तो थेट यँकीजकडे. आमच्या हाती आला रुसलेला नोमर.

त्या रुसव्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. घरातून काढायला निघालेल्यांनी दुसऱ्या दिवशी पाठीवर हात ठेवून ‘तू तर आमचाच’ म्हणावं आणि आपण ते मानावं, एवढं मोठं मन माझ्याकडेही नाही.

2004 चा मोसम सुरू होताना त्याची टाच दुखावलेली होती, अकिलिसचा स्नायुबंध. जून उजाडेपर्यंत तो मैदानाबाहेर. मग आली 1 जुलैची रात्र, यँकी स्टेडियममधली. बरोबरीत लांबलेला सामना, बारावा डाव. उंच उडालेला चेंडू पकडायला जीटर सुसाट धावला, चेंडू पकडला आणि वेग न आवरल्याने सरळ प्रेक्षकांच्या खुर्च्यांत जाऊन आदळला. बाहेर आला तेव्हा तोंड रक्ताने माखलेलं. टीव्हीच्या कॅमेऱ्याने तेवढ्यात दुसरं दृश्य पकडलं : आमचे बाकीचे खेळाडू डगआउटच्या कठड्याशी उभे, आणि नोमर मागे बाकावर बसलेला. टाचेला विश्रांती म्हणून त्या दिवशी तो खेळतच नव्हता. पण टीव्हीवर टाच दिसत नाही. तेराव्या डावात आम्ही 5–4 ने हरलो, गुणतक्त्यात यँकीजच्या साडेआठ सामने मागे पडलो, आणि शहराच्या मनात त्या दोन चित्रांची जोडी कायमची बसली. मला ती तेव्हाही अन्यायाची वाटली होती, आजही वाटते.

(पडद्यावर : नकाशा. बोस्टन, शिकागो, मॉन्ट्रियल, मिनियापोलिस.)

सौदा चार क्लबांचा होता. नोमर आणि मॅट मर्टन नावाचा एक तरुण खेळाडू शिकागो कब्जकडे. मॉन्ट्रियल एक्स्पोजचा शॉर्टस्टॉप ऑर्लँडो कब्रेरा आमच्याकडे. ट्विन्सचा पहिल्या बेसवरचा डग मिंटकेविचही आमच्याकडे. त्याला तर विमानही लागलं नाही, त्याच स्टेडियममधल्या यजमानांच्या खोलीतून उठून तो पाहुण्यांच्या खोलीत आला. कब्रेरा आणि मिंटकेविच, दोघांचीही त्या मोसमातली सरासरी अडीचशेच्या आसपास. 372 वाला देऊन अडीचशेवाले दोन आणलेत म्हणून लोक संतापले, यात नवल ते काय?

हे करणारा जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन तेव्हा तिशीचा. बोस्टनच्या उपनगरात, फेनवेच्याच जवळ वाढलेला मुलगा. त्याचा हिशेब असा होता : आपले पिचर उत्तम आहेत, फलंदाजी तर लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी आहे, पण क्षेत्ररक्षण गळकं आहे. जमिनीवरून येणारे चेंडू हातातून सुटतात, आणि अशा सुटलेल्या चेंडूंनी ऑक्टोबरमधले, म्हणजे प्लेऑफचे, सामने जातात. कब्रेरा आणि मिंटकेविच या दोघांनीही 2001 मध्ये क्षेत्ररक्षणाचं ‘गोल्ड ग्लव्ह’ पारितोषिक मिळवलेलं होतं. शिवाय नोमरचा करार मोसमाबरोबर संपत होता. हिवाळ्यात तो मोकळा झाला असता आणि क्लबच्या हातात काहीच उरलं नसतं.

पुढचं सगळं आता दंतकथेसारखं सांगतात. कब्रेराने नव्या संघाकडून पहिल्याच फलंदाजीत होम रन मारला. संघाने 98 सामने जिंकले. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत यँकीजविरुद्ध पहिले तीन सामने हरून पुढचे चार जिंकले, जे बेसबॉलमध्ये त्याआधी कुणी केलं नव्हतं. मग विजेतेपदाच्या मालिकेत सेंट लुईसला 4–0 हरवून 1918 नंतरचं, म्हणजे 86 वर्षांनी पहिलं विजेतेपद. 27 ऑक्टोबरच्या रात्री शेवटचा चेंडू पिचर कीथ फोकने उचलून पहिल्या बेसवर फेकला, आणि तो झेलणारा होता मिंटकेविच. त्याने तो चेंडू स्वतःकडेच ठेवून घेतला आणि क्लबशी त्यावरून महिनोन् महिने वाद घातला, ती गंमत वेगळीच.

म्हणून आता सगळे म्हणतात, सौदा बरोबर होता. सौदा बरोबर होता हे मलाही मान्य आहे. पण त्यांचं कारण मला मान्य नाही.

(पडद्यावर : 17 ऑक्टोबर 2004, फेनवे. चौथा सामना, नववा डाव. चित्र हळू चालवावं.)

हे बघा. मालिकेत यँकीज 3–0 ने पुढे. या सामन्यातही 4–3 ने पुढे. नववा, म्हणजे नेहमीच्या सामन्यातला शेवटचा डाव, पिचर मारियानो रिव्हेरा, शेवटच्या डावात सामना राखण्याच्या कामात तेव्हा जगात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. केव्हिन मिलारला चार चेंडू बाहेर टाकून त्याने फुकटचा पहिला बेस दिला. मिलारच्या जागी धावायला आला डेव्ह रॉबर्ट्स. हाही 31 जुलैलाच आलेला, पण लॉस एंजेलिसकडून एका वेगळ्या, किरकोळ सौद्यात, ज्याच्याकडे त्या गदारोळात कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून गाठणार, हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रिव्हेराने त्याला अडवायला तीन वेळा पहिल्या बेसवर चेंडू फेकला. तिन्ही वेळा तो परत बेसवर. मग रिव्हेराने फलंदाजाकडे पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. फलंदाजामागे बसणारा कॅचर होर्हे पोसाडा, त्याची फेक चांगली होती. जीटरने चेंडू घेऊन हात खाली आणला. रॉबर्ट्सचा हात बेसवर त्याच्या किंचित आधी पोचला. सेफ, म्हणजे नाबाद. बिल मिलरने मधून चेंडू काढला, रॉबर्ट्सने धाव पूर्ण केली, 4–4. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझचा होम रन.

किंचित आधी. तेवढ्या फरकाने जीटरचा हात लवकर लागला असता, तर आम्ही चार सामन्यांत साफ झालो असतो, आणि एपस्टीन हा ‘नोमरला घालवणारा पोरगा’ म्हणून जन्मभर ओळखला गेला असता. मिनियापोलिसमधल्या त्या दुपारी घेतलेला निर्णय ऑक्टोबरमधल्या एका हाताच्या वेगाने शहाणा किंवा मूर्ख कसा ठरतो? निर्णय त्या दिवशी हातात काय होतं त्यावर तोलायचा. हातात होतं ते हे : दुखरी टाच, संपत आलेला करार, मन उडालेला खेळाडू आणि गळकं क्षेत्ररक्षण. एवढ्यावर माझं मत ठरतं. आम्ही हरलो असतो तरी तेच राहिलं असतं.

उलट बाजूही सांगायला हवी. संघ तेव्हा दौऱ्यावर होता. आठवडाभर आधी फेनवेवर यँकीजविरुद्ध नोमर खेळला, तेव्हा हे त्याचं इथलं शेवटचं खेळणं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. निरोप नाही, टाळ्या नाहीत. क्लबच्या वहीत या गोष्टीला रकाना नसतो, पण तिकीट काढणाऱ्याच्या वहीत असतो. त्याची परतफेड व्हायला पाच वर्षं लागली. जुलै 2009 मध्ये तो ओकलंडच्या शर्टात फेनवेवर फलंदाजीला आला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतच राहिले. पुढच्या मार्चमध्ये रेड सॉक्सने त्याच्याशी एका दिवसाचा करार केला, तो आमचाच म्हणून निवृत्त व्हावा एवढ्याचसाठी.

आणि कब्रेरा? त्याला क्लबने मोसम संपताच जाऊ दिलं. जागेवर आणला एडगर रेन्टेरिया, जो त्या शेवटच्या चेंडूवर बाद झाला होता. तोही वर्षभरच टिकला.

(पडद्यावर : जून 2025. राफाएल डेव्हर्स, फेनवे.)

आता हाच काटा दुसऱ्या सौद्याला लावून बघू. 15 जून 2025, रविवार. रेड सॉक्सनी यँकीजना तिन्ही सामन्यांत हरवलं. शेवटच्या सामन्यात डेव्हर्सने होम रन मारला. त्याच संध्याकाळी त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे दिल्याची बातमी आली. 2018 च्या विजेत्या संघातला हा माणूस, किशोरवयापासून या क्लबात वाढलेला, 31 कोटी 35 लाख डॉलरचा दहा वर्षांचा करार केलेला, आणि त्या कराराची आठ वर्षं अजून शिल्लक. तब्येत ठीक, संघातला सर्वोत्तम फलंदाज. भांडण जागेवरून होतं. क्लबने अ‍ॅलेक्स ब्रेगमनला आणून त्याची तिसऱ्या बेसची जागा घेतली, मग पहिल्या बेसवरचा खेळाडू जायबंदी झाल्यावर तिकडे खेळशील का म्हणून विचारलं, आणि तो नाही म्हणाला. तो हट्टीपणा होता, कबूल. पण त्याला आधी तिसऱ्या बेसवरून उठवलं कुणी?

नोमरच्या वेळी क्लबने संघातलं एक भोक बुजवलं होतं. इथे भोक पाडलं. त्या दिवशी हातात जे होतं त्यावर तोलला, तर डेव्हर्सचा सौदा मला चूक वाटतो. संघ त्या वर्षी त्याच्याशिवाय प्लेऑफमध्ये पोचला, आणि न्यूयॉर्कमध्ये यँकीजकडून तीन सामन्यांच्या मालिकेत 2–1 ने हरला. पोचला म्हणून मी मत बदललं नाही, आणि हरला म्हणून ‘बघा, मी म्हणालो नव्हतो का’ असंही म्हणणार नाही.