डोळा कसा घडतो

(दृश्य : अंगण, सकाळची वेळ. मूल मुठीनं डोळे दाबतंय.)

देगलूर तालुका, जिल्हा नांदेड. या पोराच्या मुठी बघा. वाटेल की डोळे चोळतोय. तो ते आत दाबतोय. दाब आला की क्षणभर उजेड चमकल्यासारखा भासतो. बाहेरचा उजेड त्याला जन्मापासून जेमतेमच कळतो. आजाराचं नाव लेबर कंजेनायटल अमॉरोसिस.

आजी सांगते, "पोटुशी होती तवा हिनं गिराण पाळलं नाही. इळीला हात लावला." सून मागं चुलीपाशी उभी आहे. पोर जन्मल्यापासून ती हे ऐकते आहे.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा गोळा, कित्येक दिवसांचं चित्रण काही सेकंदांत.)

आता हे बघा. ज्वारीच्या दाण्याहून लहान असं हे माणसाचं दृष्टिपटल, म्हणजे डोळ्यातला उजेड टिपणारा पडदा, बशीत वाढवलेलं. याला रेटिनल ऑर्गनॉइड म्हणतात. रक्ताच्या किंवा कातडीच्या पेशी घेऊन त्यांना पुन्हा मूलपेशी, म्हणजे कोणतीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशी, बनवायचं, ही रीत जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांची. २००६ साली उंदराच्या पेशींवर, २००७ साली माणसाच्या. पुढं ३७ अंशांची ऊब आणि पोषक द्रव. तो द्रव दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा, तेही महिनोन्महिने. घाई चालत नाही. पोटातल्या बाळाचा डोळा जितका वेळ घेतो, जवळपास तितकाच हाही घेतो.

कडेला फुगवटा आला. टोक आत वळलं. वाटी झाली! याच वाटीचं पुढं दृष्टिपटल होतं. ती व्हायला शेजारच्या, डोळ्यातल्या भिंगाचा रेटा लागतो, असं पूर्वी मानत. जपानमध्ये, कोबेच्या रिकेन संस्थेत, योशिकी सासाई यांच्या गटानं २०११ साली उंदराच्या पेशींतून ती वाढवली तेव्हा बशीत भिंग नव्हतंच. पेशी आपापल्या वळल्या. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीही तशाच वळल्या, वाटी मात्र मोठी आणि जाड.

आईच्या पोटात हे चौथ्या-पाचव्या आठवड्यात घडतं. पुष्कळ बायांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते.

(दृश्य : रंगवलेले थर.)

आधी येतात मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या पेशी. अंधुक उजेड टिपणाऱ्या दंडपेशी पुष्कळ उशिरा. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींत निळ्याच्या आधी, लाल-हिरव्याच्या नंतर, आणि हा क्रम थायरॉइडचं संप्रेरक ठरवतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१८ साली हे अशाच ऑर्गनॉइडमध्ये दिसलं. उंदराच्या डोळ्यात लाल-हिरवा हा भेदच नसतो. माणसाच्या डोळ्याचं सगळंच तिथं दिसत नाही.

यात रक्तवाहिन्या नाहीत, मेंदूशी जोड नाही. हे पटल बघत नाही. पण आजार दाखवतं. सीईपी२९० या जनुकात दोष असलेल्या रुग्णाच्या पेशींतून लंडनमध्ये असं पटल वाढवलं, तेव्हा उजेड टिपणाऱ्या पेशींचे सूक्ष्म तंतू खुंटलेले सापडले. लेबरचा आजार देणारं हे एक जनुक. असा दोष बहुतेक वेळा आई आणि बाप, दोघांकडूनही येतो. या घरात नवरा-बायको आते-मामेभावंडं आहेत.

(दृश्य : एसटी स्टँड.)

उपचार? आरपीई६५ या एका जनुकाच्या दोषावर अमेरिकेत २०१७ साली मंजुरी मिळाली, बाकीच्यांवर काम चालू आहे. या पोराचा दोष कोणत्या जनुकात, ते अजून तपासायचंय. गाडी हैदराबादची आहे. तिथं आई आणि बाप, दोघंही रक्त देणार आहेत.